परातीतली रेघ

माझं नाक फार चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मी भिवंडीजवळ राहनाळला घरी मसाला करून विकते. मिरची जुनी असली, धणे ओलसर असले, की हात लावायच्या आधी मला कळतं. काल्हेरपासून पूर्णापर्यंतच्या बायका मसाला नेतात तो माझ्या हाताच्या चवीवर, असं त्या म्हणतात. हात कसला, नाकच.

याच नाकावर माझा संसारही चालला होता. हरेश, माझा नवरा, पूर्णाला एका मोठ्या गोदामावर रात्रीचा वॉचमन आहे. गेल्या वर्षापर्यंत तो प्यायचा. किती आणि कसा, ते उगाळत बसत नाही. एक रात्र सांगते. आमची पोरगी पूर्वी तेव्हा तिसरीत होती. तिला शेजारच्या गावच्या जत्रेला नेलं आणि येताना हा बाईकसकट रस्त्याच्या कडेला आडवा झाला. मी शोधत गेले तर पोरगी बापाच्या मोबाइलची बॅटरी लावून रस्त्यात उभी होती, ट्रकवाल्यांना तो दिसावा म्हणून. ती रडत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती. मी सांगितलं, "यापुढं एक थेंब जरी गेला ना, तं मी पूर्वीला घेऊन पडघ्याला माहेरी चालले. आनायला यायचं न्हाय." हरेशने सोडली. खरंच सोडली. पण माझा विश्वास काही बसत नव्हता. मग रोज सकाळी साडेसातला तो ड्युटीवरून यायचा, ओट्यावर बसायचा, तोंड उघडून "हा" करायचा आणि मी वास घ्यायची. मगच चहा. शेजारणी हसायच्या. म्हटलं हसा, तुम्हाला काय जातंय. अकरा महिने एक सकाळ चुकली नाही.

आणि नोव्हेंबरात नेमकं माझं नाक चोंदलं.

सोमवारी काल्हेरला दीपेशची हळद होती. दीपेश म्हणजे हरेशचा चुलतभाऊ. आमच्याकडे हळद म्हणजे काय असतं ते भिवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. डीजे, मटण, आणि मांडवामागे खोकीच्या खोकी बाटल्या. मला ताप भरलेला, म्हणून मी घरीच पडले होते. सासूबाई दुपारीच जाऊन परत आल्या होत्या. हरेश संध्याकाळी एकटा गेला, आणि तिथूनच परस्पर रात्री दहाच्या शिफ्टला.

सकाळी साडेसात वाजले, आठ वाजले, तो आला नाही. नऊला आला तो पायाखाली बघतच. सवयीने ओट्यावर बसला, "हा" केलं. मी नाक पुढे केलं. काही नाही. दारू नाही, विडी नाही, काहीच नाही. माझ्या नाकात नुसता कापूस भरल्यासारखं झालेलं. मी तसंच उठून आत गेले, धण्याच्या डब्यात तोंड घातलं, तिथेही काही नाही.

"काय झाला?" मी विचारलं.

"मना ड्युटीवरून काढून ठेवलाय," तो म्हणाला. "शुक्रवारी मॅनेजर मॅडम ठरवनार."

मग त्याने सांगितलं ते असं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेटपाशी उभा होता. अचानक इतका उजेड पडला की गेटच्या गजांच्या सावल्या जमिनीवर पळत गेल्या. वर बघतो तर एक तारा तुटून गेलेला. इथपर्यंत ठीक. तारे तुटतात. पण हा तारा गेला आणि त्याची रेघ मागे राहिली. शेजारच्या गोदामाच्या पत्र्याच्या वर आभाळात हिरवट पांढरी, चमकत लटकली होती. विझेना. हरेशने डोळे चोळले. एक मिनिट झालं, दोन झाली. रेघ मधोमध वाकायला लागली.

आता आमच्या भागात पहाटे पत्र्यावर काही चमकताना दिसलं तर माणूस काय समजेल? आग. दर हिवाळ्यात कुठलं ना कुठलं गोदाम पेटतं. हरेशला वाटलं, तारा शेजारच्या पत्र्यावर पडला, माल पेटला, आणि हा त्याचाच धूर उजळलाय. त्याने भोंगा वाजवला. अग्निशमनला फोन केला. लोडिंगवरची चाळीस माणसं मागच्या फाटकाने बाहेर काढली, तिथून गोदामाआड रेघ दिसत नव्हती. ट्रक थांबवले. बंब आला. पाइप उलगडून झाले तोवर आभाळ फटफटीत झालं होतं, रेघ विरून गेली होती, आणि कुठेही साधी ठिणगीसुद्धा नव्हती.

सुपरवायझर केसरीनाथ काही दुष्ट माणूस नाही, पण ट्रक का थांबले याचं उत्तर त्याला वर द्यायचं होतं. हरेश आदल्या रात्री हळदीला गेला होता हे त्याला ठाऊक होतं. त्याने रिपोर्टात दोन शब्द लिहिले, "ड्युटीवर नशेत."

"मी पेलो न्हाय," हरेश म्हणाला. "थम्सअप पेलो. दोन."

"आनि तारा धा मिनिटं आभालात लटकला."

"नऊ. पाच वाजून धा ते पाच एकोनीस. रजिस्टरला लिवलाय मी."

मला तेव्हा वाटलं, खोटं बोलायचं तर माणसाने जरा बरं खोटं बोलावं. तारा तुटतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्याला तसं तोडूनच बोलले. दीपेशच्या लग्नाची पत्रिका पडली होती, ती पालथी करून त्याने पेनने तीन चित्रं काढली. पहिली तिरपी सरळ रेघ. दुसरी मधे झोळ पडलेली. तिसरी गळासारखी, टोक वर वळलेली. तिन्हीच्या खालच्या टोकाला त्याने एक ठिपका दाबून काढला. "हतं जास्त चमकत व्हता," म्हणाला. "तुना पटत नसल तं तू ठरव काय ते."

मी पत्रिका मसाल्याच्या डब्याखाली सरकवली आणि बॅग काढली.

बॅग भरायला मला तीन दिवस लागले, यावरून माझी काय अवस्था होती ते समजा. पूर्वीचे दोन फ्रॉक टाकायचे, एक काढायचा. मन म्हणायचं, पेलेला माणूस घड्याळ बघून वेळा लिहील का? दुसरं मन म्हणायचं, अकरा महिन्यांत तुला काय माहीत, तू नाकाने संसार करतेस, नाक नसेल तेव्हा काय? खरं सांगते, तो प्यायला असता तर मला रागच आला असता. पण तो प्यायला की नाही हेच कळत नव्हतं, आणि त्याने मी आतून पोखरून निघत होते. डॉक्टरकडून ड्रॉप आणले, वाफ घेतली, ओवा हुंगला. नाक ढिम्म.

त्यात सासूबाई गप्प. त्यांचं धोंडूबाई हे नाव आमच्या आळीत मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे. कोंबडी अंगणात शिरली तरी तीन घरांना ऐकू जातं. पण मंगळवारपासून त्या कामापुरतं बोलायच्या, "पानी तापला," "भात उतरव," आणि ओठ मिटायच्या. लेकाची लाज वाटत असेल, असं मी धरून चालले. एकदा मनात आलं, निदान मला तरी दोन शब्द बोला, मी काय दगडाची आहे?

गुरुवारी सकाळी मसाला कांडून आणला होता. परातीत पसरून आम्ही दोघी चाळत बसलो होतो. माझं लक्ष त्यांच्या पदराकडे गेलं. पदराच्या टोकाला गाठ होती. मंगळवारी लुगडं वेगळं होतं, तेव्हाही तिथे गाठ होती, हे मला आत्ता आठवलं. पैसे बांधलेले म्हणावे तर गाठ रिकामी, सपाट.

आणि मग मला माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. गच्चीवर आम्ही कपडे काढत होतो आणि एक तारा तुटला. मी बोट दाखवून काही म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला होता. त्यांच्या माहेरच्या बायकांची रीत आहे. तारा तुटताना दिसला की पदराला गाठ मारायची आणि पुनव होईपर्यंत त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर घरातलं एक माणूस जातं.

सासूबाई रोज पहाटे पाचला अंगणात चुलीवर पाणी ठेवतात. मंगळवारीसुद्धा ठेवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "तुमी मंगलवारी काय बगला?"

त्यांनी चाळणी हलवणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मान हलवली, नाही अशी.

"तुमचा लेक नोकरीवरून जातोय. मी उद्या पडघ्याला जातेय. तरी सांगनार न्हाय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ काही उघडेनात. मला एवढा संताप आला की परात उचलून आपटावीशी वाटली. आणि त्याच वेळी कळतही होतं. बाईचा एकुलता लेक रोज रात्री ट्रकांच्या रस्त्याने बाईक घेऊन जातो. बोललं तर घरातलं एक माणूस जाणार, आणि त्यांच्या हिशेबी ते माणूस कोण असणार, हे वेगळं सांगायला नको. लेक जिवंत राहावा म्हणून त्या गप्प होत्या, आणि त्या गप्प होत्या म्हणूनच लेक बुडत होता.

मी परात त्यांच्यापुढे सरकवली. मसाला हाताने सपाट केला. "तोंडाला बंदी हाय ना? बोटाला तं न्हाय?"

सासूबाईंनी पदराची गाठ चाचपली. मग बोट पुढे केलं. लाल मसाल्यात एक तिरपी सरळ रेघ ओढली. तिच्या बाजूला दुसरी, मधे झोळ पडलेली. तिसरी काढताना थोड्या अडखळल्या, मग टोक वर वळवलं, गळासारखं. आणि सगळ्यात शेवटी तिन्ही रेघांच्या खालच्या टोकाला बोट दाबून एकेक खळगा केला.

मी डबा उचलला, खालची पत्रिका काढली आणि परातीशेजारी ठेवली. ती पत्रिका सासूबाईंनी पाहिली नव्हती. हरेश आणि मी सोडून कुणीच पाहिली नव्हती. पूर्णाच्या गेटवरून एकाने आणि राहनाळच्या अंगणातून दुसरीने तीच रेघ, तशीच वाकताना पाहिली होती. ठिपक्यासकट.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि हसायला लागले, मग रडायला लागले, मग परत हसायला. तो प्यायला नव्हता. दोन थम्सअप प्यायला होता. सासूबाईंनी त्याच बोटाने डोळे पुसले आणि मग त्यांची जी काही आग आग झाली, ती अर्धा तास तोंड नळाखाली धरूनही थांबेना. बॅग मी त्यांच्या देखत रिकामी केली.

पण शुक्रवार बाकी होता. "ड्युटीवर नशेत" हे एकदा कागदावर राहिलं की इथल्या कुठल्याच गोदामावर त्याला उभं करणार नव्हते. रेघा मोबाइलवर घ्यायचा प्रयत्न केला, तर लालात लाल, काही दिसेना. शेवटी मी ठरवलं, परातच न्यायची. वर कापड बांधलं, रिक्षात मांडीवर आडवी धरली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डा आला तर हळू, नाहीतर भाडं मिळणार नाही. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला हरेश. तो सारखं विचारत होता, "यात हाय तरी काय?" मी सांगितलं नाही. जरा त्यालाही कळू दे, न कळणं काय असतं ते.

वैशाली मॅडम गोदामाच्या मॅनेजर. तिशीच्या, चष्मेवाल्या, बोलणं मोजकं. टेबलापाशी केसरीनाथ उभा. मी परात टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, माझ्या सासूनं पन ती रेघ बगली. ती बोलू शकत न्हाय, पन तिनं काढलीय. तुमच्या रजिस्टरला हरेशनं काढली असल तं जुलवून बगा."

"बघू, बघू काय आहे," केसरीनाथ म्हणाला, आणि त्याने कापड ओढलं. वर पंखा पूर्ण जोरात होता.

पुढचं काय सांगू. पाव किलो मसाला एका दमात उडाला. मॅडमच्या चष्म्यावर, कॉम्प्युटरवर, केसरीनाथच्या पांढऱ्या शर्टावर. सगळे शिंकायला लागले. बाहेरचे हमाल दारातून डोकावले तेही शिंकायला लागले. मी तर इतक्या शिंका दिल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कुणीतरी पंखा बंद केला. परातीत बघितलं तर रेघ नाही, गळ नाही, ठिपका नाही.

मॅडमनी चष्मा पुसला. चिडल्या होत्या, पण आवाज शांत होता. "मावशी, काढलेलं गेलं. तुम्ही पाहिलं असेल तर तोंडी सांगा. मी एवढंच ऐकू शकते." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, ते पान उघडलं आणि त्यावर हात झाकून ठेवला.

मी म्हणाले, "मॅडम, त्यांना बोलायला," आणि थांबले, कारण सासूबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला होता. त्या उभ्या राहिल्या. पदराचं टोक हातात घेतलं. गाठ घट्ट बसली होती, ती त्यांनी नखाने सोडवली. मग हरेशकडे बघितलं.

"जायाचाच असल तं मना नेवा," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाच ठाऊक. मग मॅडमकडे वळल्या आणि आपल्या नेहमीच्या, तीन घरांना ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगायला लागल्या. "मी चुलीत जाल घालत व्हतू. उजेर परला. वर बगला तं रेघ. पयली सरल व्हती, कपडं वालत घालाची दोरी असते तशी. मंग मधी झोल परला. मंग टोक वर जेला, गलासारका. खालच्या टोकाला जास्त चमकत व्हती. पानी तापला तवर व्हती, मंग जेली. मना वास आला न्हाय, धूर दिसला न्हाय. मी पेत न्हाय."

मॅडमनी हात उचलला. पानावर हरेशचं अक्षर होतं, ५.१०, ५.१४, ५.१९, आणि समासात तीन रेघा. त्यांनी ते पान केसरीनाथकडे फिरवलं. केसरीनाथने बघितलं आणि खाली मान घालून शर्टावरचा मसाला झटकायला लागला.

मॅडम मोबाइलवर बराच वेळ काहीतरी वाचत होत्या. मग त्यांनी स्क्रीन आमच्यापुढे धरली. काळ्या आभाळात तशीच रेघ, तशीच वाकलेली. "खूप तेजस्वी उल्का गेली की कधी कधी तिचा माग असा चमकत राहतो म्हणे," त्या म्हणाल्या. "मिनिटभर, कधी पाच-दहा मिनिटं. इतक्या उंचावरही वारा असतो, तो त्याला वाकवतो. या दिवसांत उल्का पडतातही जास्त. लोक मुद्दाम जागून बघतात, वेळ लिहितात, दर दोन-चार मिनिटांनी आकार काढून ठेवतात." त्या हरेशकडे बघून पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही तेच केलंय. फक्त त्यांच्यातलं कुणी बंब बोलवत नाही."

त्यांनी रिपोर्ट काढून लाल पेनने "ड्युटीवर नशेत" खोडलं आणि वर लिहिलं, "आकाशात प्रकाश दिसला, सावधगिरी म्हणून भोंगा वाजवला." खाली सही केली. केसरीनाथलाही सही करायला लावली. त्याने केली आणि हळूच मला विचारलं, मसाला काय किलो देता. माणूस दुष्ट नाही, म्हटलं ना.

रिक्षात मात्र सासूबाई पदराचं मोकळं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "आता पुनवेपावत मी काय ऱ्हात न्हाय," एवढंच म्हणाल्या. हरेशने त्यांचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. पुढचे तेरा दिवस त्यांनी आम्हाला काय छळलं म्हणून सांगू. जन्मभर मार्गशीर्ष पाळणाऱ्या बाईने मरायचंच आहे तर म्हणून सुक्या जवळ्याची चटणी करून मागितली. पाटल्या कुणाला द्यायच्या ते रोज बदलायचं. रात्री हरेश ड्युटीला निघाला की फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. दत्तजयंतीची पुनव आली, चंद्र वर आला, मावळला, आणि सकाळी पाचला अंगणातून आवाज आला, "पानी तापला." आवाजात थोडी निराशाच होती. मी अंथरुणात पडल्या पडल्या देवाला हात जोडले.

पण मला सांगायचीय ती त्याआधीची सकाळ. शुक्रवारीच रात्री हरेश कामावर रुजू झाला. शनिवारी साडेसातला फाटक वाजलं. मी ओट्यावर आले. त्या शिंकांनी माझं नाक लख्ख उघडलं होतं. मला सगळं येत होतं, चुलीचा धूर, शेजारच्यांच्या सुकटीचा वास, रस्त्यावरचं डिझेल. हरेश नेहमीच्या जागी बसला, बूट काढले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

अकरा महिने मी ते उघडं तोंड बघत होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला दिसलं, की हा माणूस रात्रभर दुसऱ्यांच्या मालाची राखण करून येतो आणि चहासाठी असं तोंड उघडून बसतो. रेघ दिसली त्या दिवशी नोकरीवर गदा आली होती, आणि तरीही तो आधी इथेच येऊन बसला होता.

"मिटा तोंड," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "का? नाक बंद हाय अजून?"

"नाक बरा हाय." मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. वास घेतला नाही. "आज काय दिसला का वर?"

त्याने मान वर करून आभाळाकडे बघितलं. 

"न्हाय," तो म्हणाला. "आज ढग व्हतं."

मी चहा आणायला आत गेले.